गोळी लागली का?

स्काल्वे बेट,
१४ ऑगस्ट १९९४

प्रिय टॉरकिल,

तुझं पत्र मंगळवारच्या बोटीनं आलं. आई ठीक आहे, गुडघे सोडून. तट्टू ठीक आहे. मीही ठीक होते, तुझं पत्र वाचेपर्यंत.

जाहिरातीचा कागद पाहिला. 'अनुभवी वाटाड्यासोबत हरणाची शिकार. बारा टोकी शिंगांचा नर हमखास.' हमखास? अरे शहाण्या, हरणं काय मी गोठ्यात बांधून ठेवलीत? ग्लासगोत ऑफिसात बसून उचलली जीभ लावली टाळ्याला! बारा टोकांचे नर या बेटावर दोनच आहेत आणि दोघांनीही मला लेखी काही दिलेलं नाही. कुठला नर मारायचा ते डोंगरावर मी ठरवते. म्हातारा, अंगानं उतरलेला, येता हिवाळा काढणार नाही असा. पाहुण्याला नुसती शिंगंच हवी असतील तर ती ओबनच्या दुकानात मिळतात. तो 'हमखास' आधी खोड, मग पुढचं.

आता बेत. पाहुण्यानं ११ ऑक्टोबरच्या मंगळवारी यावं, शुक्रवारच्या बोटीनं जावं. मधले दोन दिवस डोंगर. त्याच्या पुढच्या आठवड्यात नरांचा हंगाम संपतो, तेव्हा तारखा बदलणार नाहीत. त्याला लिही की नवे बूट आणू नको, पायांची साल निघेल. लोकरीचे मोजे चार जोड. आल्या दिवशी लोखंडी पाटीवर तीन गोळ्या झाडून दाखवायच्या. तिन्ही वहीएवढ्या जागेत बसल्या नाहीत तर डोंगर नुसता बघायचा, रायफल घरी. हा नियम बेटाच्या मालकालाही आहे. झोपायला तुझी खोली. सकाळी ओटची लापशी, संध्याकाळी आई जे करील ते. नखरे चालणार नाहीत.

'पाहुणा एकच आहे, जुना आहे, नाव कळलं की चाट पडशील,' असं लिहिलंयस. मला चाट पडायला वेळ नाही. नाव कळव.

कागदावर बाबांचा फोटो छापलास ते बरं केलंस. आईनं तो चहाच्या डब्याला टेकवून ठेवलाय. खाली 'याच डोंगरावर जखमी जनावराच्या मागावर असताना मृत्यू' असं छापलंस, ते नसतं तरी चाललं असतं. पण असो.

तुझी ताई,
मार्सली

*

स्काल्वे,
३० ऑगस्ट

टॉरकिल,

या वेळी 'प्रिय' लिहायला हात धजत नाही.

कॉटरेल. सगळ्या जगात तुला तोच माणूस सापडला? एकवीस वर्षांत त्यानं आईला दोन ओळी लिहिल्या नाहीत, एक मेणबत्ती लावण्याएवढं दुःख दाखवलं नाही, आणि आता पासष्टी आल्यावर त्याला 'तो अपुरा राहिलेला डोंगर पुन्हा एकदा' चढायचाय. आणि तू त्याला तारीख दिलीस, वर माझ्या नावानं दिलीस. तुला लाज कशी वाटली नाही?

त्याच्या पत्रातला मजकूर उतरवून पाठवलास, तो मी तीनदा वाचला. 'तुमच्या वडिलांना मी म्हटलं होतं, हवा बिघडते आहे, सोडून द्या. पण माणूस हट्टी होता.' आणि त्याखाली तुझी अक्कल: 'बाबा हट्टी होतेच गं, आईसुद्धा म्हणते.' आई म्हणते ते तिच्या नवऱ्याबद्दल म्हणते, तिला तो हक्क आहे. तू त्या वेळी नऊ वर्षांचा होतास. तुला काय माहीत? तुला मी सांगते काय झालं. नीट वाच.

कॉटरेलचा तो तिसरा दिवस. आधीच्या दोन दिवसांत दोन नर हुकलेले. मालकाच्या हवेलीवर बाकीचे पाहुणे जेवताना त्याची टर उडवत होते, हे मी स्वतः ताटं वाढताना ऐकलंय. तिसऱ्या दिवशी बाबांनी त्याला बेन व्होरच्या खांद्यावर पोटावर सरपटत नेलं, दोनशे पावलांवर एक म्हातारा नर दाखवला. त्यानं बार टाकला आणि त्याच क्षणी गारांची सर आली. बाबांच्या डोळ्यांत गारा, कानात वारा. गोळी अंगात बसली की ओला, दबका आवाज येतो, तो त्यांना ऐकू आला नाही. नर कुठल्या अंगानं पळाला तेही दिसलं नाही. त्यांनी विचारलं, "साहेब, लागली का?"

तो म्हणाला, लागली. खांद्याच्या मागे, जरा खाली. खाली, शिकार वाहायच्या तट्टापाशी आल्यावर पुन्हा म्हणाला, लागली, मी आवाज ऐकला. बाबांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा चिडून म्हणाला, माझा शब्द पुरेसा नाही का?

आपला नियम तुला ठाऊक नसेल तर आता पाठ कर. पाहुणा लागली म्हणाला की लागली असंच धरायचं. रक्त दिसो न दिसो, सापडेपर्यंत शोधायचं. पोटात गोळी घेऊन जनावर डोंगरावर तडफडत असताना वाटाड्या घरी जेवायला बसत नाही. 'सोडून द्या' असं कॉटरेल एकदाही म्हणाला नाही. उलट 'नक्की शोधा हं' म्हणाला, आणि हात चोळत तट्टाच्या आडोशाला उभा राहिला. बाबा कुत्रा घेऊन एकटे परत वर गेले. धुकं उतरलं. उजाडताना कुत्रा घरी आला. बाबा त्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या घळीच्या तळाशी सापडले. हे हट्टाचं काम होतं?

आणि ऐक. त्या नराला गोळी लागलीच नव्हती. केससुद्धा हलला नव्हता. तो माणूस खोटं बोलला, चार लोकांत हसं होऊ नये म्हणून. त्या खोट्या शब्दाच्या मागे आपला बाप गेला, आणि आता तोच सांगतोय की हट्टी होते!

बेत रद्द. त्याला तसं लिही. कारण काय द्यायचं ते तुझ्या ग्लासगोच्या डोक्यानं शोध.

मार्सली

ता. क. आईला त्याचं नाव सांगितलेलं नाही. तू फोन केलास तर तोंड सांभाळ.

*

स्काल्वे,
११ सप्टेंबर

प्रिय टॉरकिल,

एवढ्या मोठ्या पत्राला तुझं एका ओळीचं उत्तर. 'ताई, लागली नव्हती हे तुला कसं माहीत?'

मला वाटलं होतं तू रागावशील, भांडशील. भांडणाची मी तयारी करून बसले होते, मनात चार पानं लिहूनही झाली होती. हा प्रश्न एकवीस वर्षांत मला कुणी विचारला नव्हता. पोलिसांनी नाही, मालकानं नाही, आईनं नाही. तट्टापाशी उभ्या राहिलेल्या बाईला कोण काय विचारणार?

तेच तर. त्या दिवशी बाबांबरोबर वर मी जाणार होते. बावीस वर्षांची होते, डोंगर मला तोंडपाठ होता, आणि बाबांनी कबूल केलं होतं की या वेळी पाहुण्याला माग मी दाखवायचा. सकाळी हवेलीच्या दारात कॉटरेलनं माझ्याकडे पाहिलं आणि हसला. म्हणाला, ही वाट दाखवणार? बाबा त्याच्यासमोर मला म्हणाले, "मार्सली, तू तट्टू धर." बस, एवढंच. मी तट्टू धरलं आणि दिवसभर बापाशी बोलायचं नाही असं ठरवलं. आपल्या घरात हट्टी कोण ते आता तूच बघ.

मी दरीच्या अलीकडच्या अंगाला उभी होते. गारांची सर पलीकडच्या खांद्यावरून गेली, माझ्याकडे लख्ख ऊन. दुर्बीण डोळ्याला होती. गोळी नराच्या पाठीवरून गेली आणि मागच्या चिखलात बसली, चिखल उडालेला मी पाहिला. नर पळाला, घळीच्या वरच्या माळावर आपल्या माद्यांत जाऊन उभा राहिला, मान वर करून डरकाळला, आणि एका तरण्या नराला शिंगं रोखून हाकलत सुटला. पोटात गोळी असलेलं जनावर असलं काही करत नाही. मला पक्कं माहीत होतं, टॉरकिल. जितकं माझं नाव मला माहीत आहे तितकं.

बाबा खाली आले. कॉटरेलला तिसऱ्यांदा विचारून झालं. मग माझ्याकडे वळले. त्यांच्या भुवयांवर गारा होत्या. म्हणाले, "पोरी, तुला इथून दिसलं असेल. गोळी लागली का?"

मी म्हटलं, "तुमच्या साहेबांनाच विचारा."

ते रागावले नाहीत. कुत्र्याला शीळ घातली आणि निघाले.

घरी परतताना वाटेत कॉटरेलनं मला विचारलं, तिथून तुला काय काय दिसलं? मी म्हटलं, सगळं. त्यानं खिशातून चॉकलेट काढून माझ्यापुढे धरलं. मी घेतलं नाही, पण बोललेही नाही. अजून तासभर उजेड होता. मागे वळून हाक मारली असती तर वाऱ्याबरोबर ती बाबांपर्यंत पोचली असती. तो पुढे, मधे तट्टू, मागे मी. दोघांनाही माहीत होतं, आणि दोघंही मूग गिळून घरी आलो. मला वाटत होतं, शोधू देत तासभर, येतील दमून, मग कळेल माझी किंमत. एवढंच वाटत होतं, देवाशपथ.

म्हणून मी या बेटावरून हलले नाही. लोक म्हणतात, बापाचं काम लेकीनं पुढे चालवलं. तूही कागदावर तेच छापलंस. कौतुक ऐकलं की मला ओकारी येते. कॉटरेलला एकवीस वर्षं शिव्या घातल्या, त्यातल्या निम्म्या कुणासाठी होत्या ते तुला आता कळलं असेल.

तुझी एक ओळ खिशात घेऊन मी आठ दिवस हिंडले. काल सकाळी आई बटाटे सोलत होती. मी तिच्यासमोर बसले आणि तुला लिहिलं तेच, याच क्रमानं, तिला सांगितलं. कॉटरेलचं नावही सांगितलं. तिनं हातातला बटाटा सोलून संपवला, पाण्यात टाकला, मग म्हणाली, "म्हणजे ते चहाला घरी आले असते."

मी हो म्हटलं.

तिनं आणखी दोन बटाटे सोलले. मी तिथेच बसून होते, उठायची हिंमत होत नव्हती. मग तिनं विचारलं, तो माणूस कधी येतोय? मी म्हटलं, नाही येत, मी रद्द केलंय. तशी ती म्हणाली, "रद्द करणारी तू कोण? येऊ दे त्याला. मला त्याच्या तोंडून ऐकायचंय." आणि वर जाऊन तुझ्या खोलीतल्या चादरी काढून भिजत घातल्या, असल्या गुडघ्यांनी. मी मदतीला गेले तर माझ्या हातातून बादली ओढून घेतली. तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही.

तेव्हा रद्द केल्याचं पत्र टाकलं असशील तर दुसरं टाक. त्याला लिही: ११ ऑक्टोबर, मंगळवारची बोट. जुने बूट, लोकरीचे मोजे चार जोड. रायफल आणू नये, लागणार नाही. बुधवारी मी त्याला बेन व्होरच्या खांद्यावर नेईन, तो जिथे पडून होता तिथे. मग मी उभी होते तिथे. तिथून काळी घळ समोर दिसते. बाबांनी विचारलं होतं तेच मी त्याला विचारीन, आणि या वेळी त्याच्या आधी मी उत्तर देईन. मग खाली येऊन आईसमोर बसायचं, दोघांनीही. ती विचारील तेवढं सांगायचं, आणि ती ऊठ म्हणाली की उठायचं.

त्याच बोटीनं तूही यावंस असं मला वाटतं. खोली त्याला दिली आहे, तू स्वयंपाकघरातल्या बाकावर झोप. नाही आलास तरी समजेन. आजवर प्रत्येक पत्राखाली सवयीनं 'तुझी ताई' लिहीत आले, मागचं रागाचं पत्र सोडून. आज राग नाही, तरी लिहीत नाही. ते राहू द्यायचं की नाही, तू ठरव.

मार्सली