आठ जीबीचा लॅपटॉप दुकानासमोर मांडून बसण्याची परवानगी

प्रति,
मा. क्षेत्रीय अधिकारी,
क्षेत्रीय कार्यालय, चिखली परिसर.

अर्जदार : सौ. यास्मिन तौसिफ मुलाणी, रा. चिखली.

विषय : संगणक विक्रीच्या दुकानासमोरील पदपथावर टेबल-खुर्ची व दोन लॅपटॉप मांडून बसण्याची तात्पुरती परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : अतिक्रमण पथकाने दि. २९ सप्टेंबर २०२५ रोजी सकाळी १०.५० वाजता दिलेली तोंडी समज.

महोदय,

आपल्या पथकाने मला पदपथावरून उठवले, याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. परवानगी नव्हती, उठवले, बरोबर केले. पथकातल्या एका ताईंनी तर माझे स्टूल रिक्षापर्यंत आणून दिले. माझा राग दुसऱ्या माणसावर आहे. तो बराच आहे, त्यामुळे अर्ज थोडा लांबेल. मी शांतपणे लिहिण्याचा प्रयत्न करते, आपण शांतपणे वाचावा.

१) माझे पती तौसिफ यांचे भोसरीत दोन मशीनचे वर्कशॉप आहे. पत्र्याचे भाग ज्या पोलादी साच्यात दाबून काढतात त्याला डाय म्हणतात. तो साचा कोरताना कटर कुठून शिरेल, किती खोल जाईल, कुठे वळेल याचा प्रोग्रॅम आधी संगणकावर तयार करून मशीनला द्यावा लागतो. तो मी करते. लग्नानंतर शिकले, आणि तौसिफ यांच्यापेक्षा चांगला करते. हे ते चारचौघांतही मान्य करतात.

२) दि. ३० मार्च रोजी, म्हणजे पाडव्याच्या ऑफरमध्ये आणि ईदच्या आदल्या दिवशी, मी सदर दुकानातून बासष्ट हजारांना लॅपटॉप घेतला. दुकानाचे नाव सोबतच्या बिलावर आहे. इथे लिहून त्यांची फुकट जाहिरात करणार नाही. मालक श्री. जयदीप यांना मी स्पष्ट विचारले होते की आठ जीबी मेमरी आणि दोनशे छप्पन जीबी स्टोरेज एवढ्यावर डायचं काम होईल का, की नऊ हजार जास्त घालून दुप्पट घेऊ? मी पैसे बरोबर नेले होते. पर्समध्येच होते. त्यावर श्री. जयदीप यांनी माझ्याकडे न बघता, तौसिफ यांच्याकडे बघून उत्तर दिले : "भाऊ, मॅडम घरी बसूनच काम करणार ना? मग आठ भरपूर झालं. सोळा गेमवाल्या पोरांना लागतं."

प्रश्न मी विचारला होता. काम मी करणार होते. उत्तर मात्र तौसिफ यांना मिळाले. महोदय, बाकीचे सगळे विसरायला सांगितलेत तर एखादवेळी विसरेनही, पण ही मान फिरवणं मी विसरणार नाही.

३) आपणांस या विषयाची माहिती असेलच, तरी फाईलवर नोंद राहावी म्हणून लिहिते. मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा आणि स्टोरेज म्हणजे फडताळ. ओटा वीतभर असला की परात ठेवल्यावर पोळपाट ठेवायला जागा उरत नाही, बाई कितीही हुशार असो. लॅपटॉप सुरू झाला की निम्मा ओटा तो स्वतःच अडवतो. उरलेल्यात माझी डाय मावत नाही. मग तो सामान फडताळात सरकवायला बघतो, तर फडताळही महिन्याभरात गच्च. माझ्या जुन्या डायच्या फाईली मी सात पेनड्राइव्हवर काढून मसाल्याच्या डब्यात ठेवल्या आहेत. एका वाटीला एक, झाकणावर आतल्या नावांची चिठ्ठी. बासष्ट हजारांच्या वस्तूसोबत ही माझी व्यवस्था.

यात चूक माझीही आहे आणि ती मी लपवत नाही. पन्नास मिलिमीटरची पिन करायची तर आम्ही लोखंडी बार पंचावन्नचा मागवतो. वरचा पाच छिलून जाणार हे भोसरीत नव्या हेल्परलाही माहीत असतं. असं असून मी पन्नासला पन्नास घेऊन घरी आले. पण मी विचारलं होतं ना हो!

४) जूनमध्ये तौसिफ म्हणाले, एवढं डोक्याला लावून घेऊ नकोस, आपण मेमरी वाढवू. आमच्याकडे जे स्क्रूने बसलंय ते स्क्रूने निघतं, आणि जे निघत नाही ते आम्ही काढतो. त्यांनी वर्कशॉपच्या टेबलावर स्वच्छ फडकं पसरून लॅपटॉप उघडला. आत मेमरी थेट बोर्डावर डाख देऊन पक्की केलेली! बदलायला खाचच नाही. तौसिफ यांनी हयातीत गिअरबॉक्सपासून लेथच्या स्पिंडलपर्यंत सगळं खोललं आहे, पण त्या दिवशी ते पाच मिनिटं नुसते बघत बसले. परत बसवताना एक स्क्रू लोखंडाच्या चुऱ्यात हरवला. त्या जागी त्यांनी आपल्या डब्यातला पितळी स्क्रू लावला. दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले तेव्हा श्री. जयदीप यांनी तो स्क्रू बघितला आणि सांगितले की मॅडम, तुम्ही बाहेर खोललात, आता वॉरंटी संपली, आमचा काही संबंध नाही.

५) दि. १२ सप्टेंबर, शुक्रवार. चाकणच्या एका कारखान्यात उत्पादनप्रमुख श्री. अर्जुनराव यांनी मला चाचणीसाठी बोलावले होते. त्यांच्यासमोर एका डायचा प्रोग्रॅम करून दाखवायचा, जमला तर महिन्याला चार डाय कायमच्या. वर्कशॉपची दोन्ही मशीन वर्षभर रिकामी राहणार नाहीत एवढं ते काम होतं. केबिनमध्ये तीन पुरुष आणि मी. लॅपटॉप लावला, फाईल टाकली, गोल चक्र फिरू लागले. एक ऑपरेटर म्हणाला, "ताई, च्या आणू का, तंवर हुईल." चहा आला. प्यायला. दुसरा आला. तिसऱ्या चहाला कुणी कुणाकडे बघत नव्हते. शेवटी लॅपटॉप आपणहून बंद पडला.

श्री. अर्जुनराव हसले नाहीत. ते म्हणाले, "ताई, तुमचं डोकं चालतंय, हे चालत नाय. पुढच्या शुक्रवारी दुसरं काहीतरी घेऊन या, नायतर काम दुसरीकडं द्यावं लागंल मला." शेअर रिक्षात येताना मी मांडीवरच्या त्या बॅगेला चिमटा काढला. निर्जीव वस्तूला चिमटा काढणारी मी बाई नाही, पण काढला.

दुसरा लॅपटॉप घेण्याची ऐपत नव्हती. सात दिवस होते.

६) दि. १५ सप्टेंबर, सोमवारपासून मी सकाळी दहा ते एक त्या दुकानासमोर बसू लागले. एका स्टुलावर मी, एका स्टुलावर लॅपटॉप. वीज शेजारच्या झेरॉक्सवाल्यांनी दिली. पुठ्ठ्यावर लिहिले : "हा लॅपटॉप याच दुकानातून घेतला आहे. फाईल १०.०५ ला उघडायला टाकली आहे. आपल्या घड्याळात बघावे."

महोदय, एवढेच. घोषणा नाही, शिवीगाळ नाही. लोक घड्याळ बघायचे आणि थांबायचे. रिक्षावाले अंदाज लावायचे, कुणी सव्वाअकरा म्हणे, कुणी पावणेबारा. बाजूला भाजी घेऊन बसणाऱ्या चिमाबाई दर अर्ध्या तासाने ओरडून विचारायच्या, "अगं, अजून फिरतंयच का त्ये?" मी म्हणायचे, फिरतंय. की त्या दुकानाच्या दाराकडे तोंड करून म्हणायच्या, "फिरतंय हो मालक!" मी त्यांना सांगितले नव्हते. त्यांनी ते आपखुशीने चालवले होते.

मंगळवारी एक आई तिच्या मुलीला घेऊन आली. त्यांनी माझा पुठ्ठा वाचला, आत जाऊन तेच मॉडेल मागितले, मग मुलगी बाहेर येऊन माझ्या स्क्रीनकडे दोन मिनिटे बघत उभी राहिली. आईला हाक मारली आणि दोघी निघून गेल्या. काचेआडून श्री. जयदीप यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मला जो आनंद झाला तो जनजागृतीचा नव्हता. सुडाचा होता. सरकारी कागदावर खोटं लिहू नये म्हणून सांगते.

७) बुधवारी श्री. जयदीप स्वतः बाहेर आले. हातात बत्तीस जीबीचा लॅपटॉप, शोरूममध्ये दाखवायला ठेवलेला. म्हणाले, ताई, हा घ्या, तो द्या, वर एक रुपया नको, पण पुन्हा इथे बसायचं नाही. मी शब्द दिला. स्टुले उचलली.

शुक्रवारी चाकणला पहिला चहा यायच्या आत डायचा प्रोग्रॅम तयार झाला. श्री. अर्जुनराव यांनी त्याच दिवशी काम दिले. पहिल्या दोन डाय गेल्याही.

आता राग गेला असेल असे आपणांस वाटेल. तौसिफ यांनाही वाटले. मलाही वाटले, खोटं कशाला बोलू. आठवडाभर मी बरी झोपले.

८) दि. २५ सप्टेंबर रोजी मी माउस घ्यायला त्याच दुकानात गेले. काचेच्या कपाटात एक लॅपटॉप स्वच्छ पुसून ठेवला होता, त्यावर कार्ड : "जेमतेम वापरलेला. विद्यार्थिनी व गृहिणींसाठी खास." मी तो उचलून पालथा केला. खाली डाव्या कोपऱ्यात तौसिफ यांचा पितळी स्क्रू.

काउंटरवर त्याच लॅपटॉपची बोलणी चालू होती. करिष्मा नावाची मुलगी, मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, आणि तिचे वडील. ते लातूरकडचे, चाकणला पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करतात, शिफ्ट सुटून तसेच आले होते. मुलगी विचारत होती की यावर डिझाईनचं सॉफ्टवेअर चालेल का. श्री. जयदीप तिच्या वडिलांकडे बघून सांगत होते, "भाऊ, पोरीच्या कॉलेजला हे भरपूर झालं."

मी मध्ये पडले. आवाज चढला होता, मान्य करते. श्री. जयदीप मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, तुमचं काम झालं ना? मग आता कशाला?"

या वाक्याने माझं टाळकं सरकलं. जवळजवळ सहा महिने मला वाटत होतं, या माणसाला कळत नाही. त्याला मार्चपासून कळत होतं!

मी तिथेच तो लॅपटॉप विकत घेतला. चाकणहून आलेल्या पहिल्या पैशांतून. माझाच लॅपटॉप मी दुसऱ्यांदा विकत घेतला आहे आणि दोन्ही बिले सोबत जोडली आहेत. दोन्हींवर लॅपटॉपचा क्रमांक एकच आहे, पडताळून पाहावा. तौसिफ यांनी घरी कपाळाला हात लावला. करिष्माच्या वडिलांनी मात्र रस्त्यात थांबून माझा फोन नंबर घेतला.

दि. २९ रोजी मी दोन्ही लॅपटॉप घेऊन पुन्हा बसले. एकच फाईल दोन्हींवर, एकाच वेळी. दिलेला शब्द मोडला, होय. श्री. जयदीप यांनी फोन केला, पथक आले, मी उठले. तो भाग आपणांस माहीत आहे.

९) तरी विनंती की, दि. १३ ऑक्टोबरपासून धनत्रयोदशीपर्यंत, म्हणजे दि. १८ पर्यंत, रोज सकाळी दहा ते एक मला सदर जागी बसण्याची परवानगी मिळावी. हेच दिवस का, हे लपवत नाही. त्यांच्या दिवाळीच्या विक्रीचे हेच दिवस आहेत. टेबल चार फुटी लागेल. जे शुल्क असेल ते भरीन, पावती घेईन. येणाऱ्याजाणाऱ्याला चालायला जागा सोडीन. माल विकणार नाही, भाषण करणार नाही. श्री. जयदीप यांच्याविषयी एक शब्द बोलणार नाही. चिमाबाई बोलतील, त्याला माझा इलाज नाही.

नुकसानभरपाई नको. माफीही नको, आता ती घेऊन मी काय करू? ज्या बाईने प्रश्न विचारला तिच्याकडे बघून उत्तर दिलं नाही की काय होतं, ते या माणसाला ऐन गर्दीच्या दिवसांत त्याच्याच दारात बघायला लागावं, एवढंच हवं आहे.

आपल्याकडे येण्यापूर्वी या अर्जाची इथवरची प्रत मी श्री. जयदीप यांना स्वतः नेऊन दिली. पाठीमागून वार करणारी मी नाही. त्यांनी उभ्याउभ्या वाचली आणि विचारले की हे थांबवायला मी काय करू. मी सांगितले, अर्ज फाडून टाकते, फक्त आज एका गिऱ्हाइकासमोर तुम्ही स्वतः या आठ जीबीवर माझी फाईल उघडून दाखवा, उघडेपर्यंत खुर्चीतून उठू नका. ते म्हणाले, "मॅडम, एवढा वेळ कुणाला आहे?"

मला आहे. परवानगी मिळावी.

आपली नम्र (दुकानदाराची नव्हे),
सौ. यास्मिन तौसिफ मुलाणी
चिखली, दि. ६ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१. एकाच लॅपटॉपची दोन बिले (दि. ३० मार्च व दि. २५ सप्टेंबर).
२. "विद्यार्थिनी व गृहिणींसाठी खास" हे कार्ड, मूळ. येताना काढून आणले.
३. जागेचा हाताने काढलेला नकाशा. मापे बरोबर आहेत, टेपने घेतली आहेत.
४. श्रीमती चिमाबाई यांचे हरकत नसल्याचे पत्र, अंगठ्यासह.