बारावा कागद जुळला

कुपवाड,
रविवार, १८ जानेवारी २०२६

ती. अक्कास,

शंभूचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. मी इथं खुशाल आहे असं लिहायची पद्धत असते, पण ते वाक्य या खेपेला सोडून देतो, का ते पुढं कळेल. दाजींना आणि तुझ्या सासूबाईंना नमस्कार. चिमीला मामाचा पापा. पत्र बघून घाबरू नकोस. तुझा फोन कायम स्वयंपाकघरातल्या फळीवर स्पीकर लावून असतो, आणि मला तुझ्या एकटीशी बोलायचं आहे.

आधी काम सांगतो. बुधवारी, २८ तारखेला, सकाळी दहाला मला तू मिरजेत पाहिजेस. साताऱ्यातून सहाची एसटी धरलीस की होतंय, स्टँडवर मी उभा असेन. तिथल्या मोठ्या डॉक्टरांना माझ्या घरचं एक माणूस भेटायला पाहिजे. मी तुझं नाव दिलं. आबांचं दिलं नाही. सासूबाईंना सांग भावाला बघायला चाललेय, त्यात खोटं काहीच नाही. आता बातमी ऐक, लय भारी बातमी आहे.

नववी नापास शंभ्या सध्या डॉक्टर लोकांच्या कामात आहे! हसू नकोस, खरंच.

झालं असं. नोव्हेंबरात कारखान्यात प्रेस मशीनखाली माझा डावा हात सापडला. बोटं सगळी जागेवर आहेत, टाके पण निघाले. तू काळजी करत बसशील म्हणून कळवलं नव्हतं. ड्रेसिंगला मिरजेतल्या एका मोठ्या दवाखान्यात जायचो. एकदा रांगेत बसलेल्या सगळ्यांना एका मॅडमनी एकेक कागद वाटला. नऊ प्रश्न. झोप लागते का, जेवण जातं का, मन उदास असतं का, असले. प्रत्येकापुढं चार चौकोन: असा त्रास अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याच्या वर दिवस, रोजच. माझ्या शेजारची म्हातारी म्हणाली, "लेकरा, तुला लिवाय येतंय न्हवं? माझं बी भर की." तिचं बघून मागचा, त्याचं बघून पलीकडची. अर्ध्या तासात मी अकरा जणांचे कागद भरले.

आणि अक्का, एकालाही एक प्रश्न विचारला नाही. मला वाटलं, मन उदास असतं असं लिहिलं की माणसाला वेड्यात काढणार. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन अडणार, कुणाच्या लेकीची सोयरीक मोडणार. आपल्याकडं तसंच की. म्हणून सगळ्यांना पहिला चौकोन. अजिबात नाही, अजिबात नाही, खालपर्यंत. बारावा कागद माझा, त्यालाही तेच. म्हातारीनं खूश होऊन मला दोन पेरू दिले. ड्रेसिंग झाल्याबरोबर मी कामावर पळालो.

पुढच्या खेपेला त्या मॅडम दारातच उभ्या. प्रांजल मॅडम, पुण्याकडच्या, इथं शिकायला आलेल्या. हातात बारा कागद.

"हे सगळे तुम्ही भरले?"

"व्हय. काय चुकलं का?"

"बारा माणसं, एकच पेन, एकसारख्या तिरक्या खुणा. आणि बाराही जण एकदम मजेत!"

"मंग चांगलंच हाय की, मॅडम."

त्या हसल्या. मग बाकावर बसून त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. ही परीक्षा माणसांची नाही, कागदाची आहे. हे प्रश्न बाहेरच्या देशात तयार झाले, मग मराठीत आणले. आपल्या भागातल्या माणसाचं मनाचं दुखणं त्यांना सापडतं का, ते बघायचं आहे. म्हणून रांगेत कागद भरून घेतात आणि तोच माणूस आतल्या खोलीत मोठ्या डॉक्टरांपुढं बसतो. डॉक्टरांनी कागद बघायचा नाही. अर्धा तास बोलायचं आणि आपलं मत वेगळं लिहायचं. मग दोन्ही शेजारी ठेवायचं. जुळत गेलं तर कागद खरा.

माझ्या अकरांतले चार जुळले नव्हते. चौघंही चांगलेच आजारी निघाले. त्यातली एक ती पेरूवाली. तिथं कळलेलं नाव बाहेर सांगायचं नाही असा नियम आहे, म्हणून तिला रंगुबाई म्हणतो. सहा महिने तिच्या घशाखाली नीट घास उतरत नव्हता, आणि तिच्या जेवणाच्या प्रश्नापुढं माझी खूण, अजिबात नाही. डॉक्टरांनी बोलतं केलं नसतं तर त्या खुणेवर ती तशीच घरी गेली असती. तिचे पेरू मी खाल्ले होते गं.

मी विचारलं, "मला पोलिसात देणार का?"

"नाही हो. असं का केलंत, ते सांगा."

मी ऑपरेशनचं, सोयरिकीचं, सगळं सांगितलं. तर त्या भराभरा वहीत उतरवून घ्यायला लागल्या! माझं बोलणं! शाळेत माझं बोलणं फक्त हेडमास्तर लिहून घ्यायचे, आबांना दाखवायला.

तेव्हापासून दर बुधवारी, माझ्या सुट्टीला, मी तिथं माणसांना प्रश्न वाचून दाखवतो. काय मजा येते म्हणून सांगू! 'गेल्या दोन आठवड्यांत' म्हटलं की म्हातारी माणसं छताकडं बघतात. मी म्हणालो, मॅडम, दोन बाजार मागं म्हणा. लगेच बोटं मोजून सांगायला लागली. 'देवानं आता न्यावं' असं तर आपल्याकडची म्हातारी नातवाला भरवता भरवता म्हणते, तिला थांबून दुसऱ्यांदा विचारावं लागतं. गडीमाणसं नेमकी उलटी. जतकडचा एक मेंढरंवाला होता, त्याला हरिबा म्हणू. त्याला विचारलं, कामात रस वाटेनासा झालाय का?

"मेंढरं काय रस बघून चरत्यात व्हय? दिस उगवला की निघायचं."

सगळीकडं अजिबात नाही. त्याची बायको शेजारी पदराचं टोक पिळत बसलेली. मला राहवेना. म्हणालो, "मामा, यंदा बिरोबाच्या जत्रंला गेलतासा का?"

हरिबानं डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला. "न्हाई गेलो. दोन वरसं झाली. ढोल ऐकू आला तरी उठू वाटंना."

बायको म्हणाली, "कुणी इचारलंच न्हाई, म्हून म्या बी बोलले न्हाई."

आणि आतून डॉक्टरांचं मतही तेच आलं! मी तिथंच उडी मारली. आता जत्रेचा प्रश्न रसाच्या प्रश्नाला जोडून विचारून बघतायत. मॅडम म्हणतात, एका माणसावरून काही ठरत नसतं, पन्नास-साठ जणांना विचारू, मग ठेवायचा का ते बघू. बघा म्हणावं. पण प्रश्न माझा आहे, अक्का!

पंधरा दिवसांनी तेच प्रश्न त्याच माणसाला परत विचारतात, उत्तर टिकतं का बघायला. एक आजी मला म्हणाली, "परवाच सांगितलं की रं मुडद्या! दोन-दोनदा काय इचारतुयास, आधी तुझं डोस्कं दाखीव त्या डाक्टरला." सगळी रांग हसली. मी पण.

तर ते डोकं दाखवून झालं.

सात तारखेला मॅडम म्हणाल्या, "शंभूराज, अकरा कागद मार्गी लागले. बारावा तसाच पडलाय. तो परत भरूया?" मी म्हणालो, भरा की. त्या वाचायला लागल्या. झोपेच्या प्रश्नाला मी हसत उत्तर दिलं. चार-पाच प्रश्न गेले आणि हसू संपलं. शेवटचा प्रश्न, आपण नसतो तर बरं झालं असतं असं वाटतं का. तो मी तीस-चाळीस जणांना वाचून दाखवलाय, पाठ आहे मला. मॅडमनी वाचला आणि मी पंख्याकडं बघत बसलो. त्यांनी थांबून दुसऱ्यांदा विचारला. मग मी तिसऱ्या चौकोनावर बोट ठेवलं.

लगेच डॉक्टरांकडं नेलं, कागद न दाखवता. अर्ध्या तासाचा दीड तास झाला. बाहेर आल्यावर मी पहिलं काय विचारलं असेल?

"मॅडम, जुळला का?"

"जुळला. अगदी तंतोतंत."

मला इतका आनंद झाला की मी टाळीच वाजवली. कागद खरा आहे, अक्का! माझ्यासारख्या चालू माणसालाही धरतो! मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या, "बसा जरा. आणि घरचं कुणीतरी बोलवा."

गोळी चालू आहे. काल पहिल्यांदा सलग पाच तास झोपलो. मनात तसं काही आलं तर फोन करायला एक नंबर दिलाय. एकदा केला, आणि बरं झालं केला. हाताचंही त्यांना खरं सांगितलं, की मशीन चांगली होती, माझाच तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता.

एकच सांगता आलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, याआधी कधी जीवाचं काही करायला गेला होतास का? मी नाही म्हणालो. जीभच वळली नाही.

तुला माहीत आहे, अक्का. मागच्या फेब्रुवारीत मिलिटरीच्या भरतीला तिसऱ्यांदा पळण्यात पास, छातीच्या मापात नापास होऊन आलो. आबा माझ्याशी न बोलता भिंतीवरच्या त्यांच्या पदकांशी बोलत होते. तू माहेरी आलेली होतीस, दुसऱ्या दिवशी पहाटे कालव्याच्या पुलावर तूच मला धरलंस. घरापर्यंत मनगट सोडलं नाहीस. दारात आबांनी विचारलं, तर मी तोंड उघडायच्या आत तूच म्हणालीस, "आपल्या रानाच्या पाण्याची पाळी बघाय गेला हुता." तेव्हा मला लय हलकं वाटलं होतं. पण त्यानंतर तो विषय तूही काढला नाहीस, मीही नाही. मी गाव सोडलं. मी तुला बोल लावत नाही गं. मी पण अकरा जणांचं मायेनंच केलं होतं.

बुधवारी डॉक्टर तुला एकटीला आत बसवतील आणि हाच प्रश्न विचारतील. मी बाहेर बाकावर असेन. मला सांभाळून घेऊ नकोस. आबांचं नाव, दाजींचं घर, काही मनात आणू नकोस. रडलीस तरी चालेल, डॉक्टर थांबतात. फक्त त्यांना सांग, की त्या दिवशी पाळी आपली नव्हती.

तुझ्या खऱ्या बोलण्यावर सगळा भार टाकून,
तुझा
शंभू