एक अंगण, तीन नोटिसा

प्रिय छकुले,

परवाच्या तुझ्या फोनचं उत्तर द्यायचं राहिलं. बोलताना मला पटकन सुचत नाही, तुला ठाऊक आहे. म्हणून लिहितो.

घरी सगळे ठीक. तिसरी नोटीसही आली. पहिली तुमच्या पाणीखात्याची: टंचाई आहे, गवताला नळाचं पाणी घालू नका. ते मला मनापासून पटलं. गावच्या शाळेत मास्तर पेल्यात उरलेला घोटसुद्धा झाडाच्या बुंध्याशी ओतायला लावायचे. पाणी सांडणं म्हणजे देवाचं देणं लाथाडणं, हे तेव्हापासून मनात बसलंय. नळ बंद केला, गवत पिवळं पडलं. लगेच वसाहतीच्या कमिटीची दुसरी: अंगण हिरवं ठेवा, नाहीतर उखडून काँक्रीट घालू. तुझी आई म्हणाली, "लेकीचं खातं म्हणतं सुकवा, कमिटी म्हणते पिकवा. आता तुम्हीच चरा आणि मोकळे व्हा!"

मग मी न्हाणीघराचा पाइप अंगणात वळवला. दोन्ही नियम पाळले म्हणून काय खूश होतो मी! गवत तरारलं, आणि आरोग्यखात्याचा माणूस तिसरी नोटीस घेऊन दारात: वापरलेलं पाणी उघड्यावर सोडायला बंदी. शेजारचे शिंपीकाका माझ्याहून हुशार. त्यांनी वाळक्या गवतावर चक्क हिरवा रंग फवारला. कमिटीच्या सेक्रेटरींनी थांबून विचारलं, बियाणं कुठलं? काका म्हणाले, "डब्यावर नाव आहे, देतो." पण त्यांचं मांजर हिरव्या पायांनी सेक्रेटरींच्या गाडीवर चढलं आणि बिंग फुटलं. हसून पोट दुखलं, मग वाईट वाटलं. म्हातारा माणूस, भर उन्हात ओणवा, कशासाठी तर नियम पाळायला.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला बसलो तर मन लागेना. या तिन्ही नोटिसांची सोमवारी तुमच्या कार्यालयात, तुझ्याच समोर सुनावणी. निकाल विरुद्ध गेला, गवताला कुठलंच पाणी मिळालं नाही, की कमिटी काँक्रीट ओतायला मोकळी. मग त्या जमिनीत थेंबही मुरायचा नाही, आणि म्हणे पाणी वाचवायचंय! उठलो, गल्लीतली दारं वाजवली. घरोघरी असेच एकमेकांशी भांडणारे कागद. सोमवारी आम्ही सगळे येतोय. मागणी एकच: तिघांनी एका टेबलाशी बसावं आणि पाळता येईल असा एक नियम द्यावा.

फोनवर तू हळूच म्हणालीस, "बाबा, तुमचं नाव मी सुनावणीच्या यादीतून काढून टाकते, तुम्ही येऊच नका." माया कळते गं. पण नको. तसं वाचलेलं अंगण मला माझं वाटणार नाही, आणि तुझी खुर्चीही तुझी राहणार नाही. माझी पाळी आली की इतरांसारखंच पूर्ण नाव पुकार. उठून उभी राहू नकोस. मी तुला मॅडम म्हणेन आणि विचारशील त्याचं सरळ उत्तर देईन. तुला योग्य वाटेल तो निकाल दे. विरुद्ध गेला तर मी वर अपील करणार, तुझ्या सहीविरुद्ध. संध्याकाळी मात्र जेवायला घरी ये.

तुझाच,
बाबा