जाळरेषेतली रोपं

करंजवाडी, खडकवासल्याच्या पुढे
१२ जानेवारी २०२५

चि. वल्लरीस संपतमामाचे अनेक आशीर्वाद.

डोंगरावर रेंज नाही, म्हणून पत्र. पावसाळ्यात तू कर्वेनगरची सोसायटी घेऊन रोपं लावून गेलीस, तेव्हा मी मामीच्या डोळ्याच्या ऑपरेशनला गेलो होतो. परवा गवत जाळायच्या तयारीला पट्ट्यावर गेलो तर काय, रोपं नेमकी जाळरेषेत! अगं शहाणे, तो पट्टा ओसाड नाही, मुद्दाम मोकळा ठेवलाय. दरसाल फेब्रुवारीच्या आत तिथलं गवत आम्ही वनखात्याचे मजूरच जाळतो, म्हणजे उन्हाळ्यात खालून आलेला वणवा तिथं थांबतो. वरचं रान बावीस वर्षं त्याच्यावरच टिकलं. लवकर येऊन रोपं काढून न्या.

मामीला आता स्पष्ट दिसतं, त्यामुळे माझ्या चुकाही दिसतात.

राग आला तरी माया पातळ करू नकोस.
तुझा मामा

कर्वेनगर, पुणे
२० जानेवारी २०२५

ती. संपतमामांस शि. सा. न. वि. वि.

चूक झाली, कबूल. मोकळी जागा दिसली की पुणेकराला शहाणपण सुचतंच! पण मामा, आत्ता उपटली तर सगळी मरतील. प्रत्येक रोपाला नावाची पाटी आहे. माझी ओवी तर तिच्या आपट्याची उंची सगळ्यांना सांगत सुटते. कोणत्या तोंडाने सांगू? यंदा एक वर्ष जाळू नका, माझ्यासाठी. दर रविवारी येऊन आम्ही गवत कापू आणि पाऊस पडला की रोपं हलवू.

भाचीचा एवढा हट्ट पुरवावा, ही विनंती.
वल्लरी

कर्वेनगर, पुणे
११ मार्च २०२५

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

परवा गच्चीवरून तुमच्या डोंगरावर धूर दिसला. तशीच निघाले, पण नाक्यावरून परत पाठवलं. तुम्ही बरे आहात, एवढाच निरोप मिळाला. मामा, तुम्ही माझं ऐकून पट्टा जाळला नाहीत, आणि आम्ही तीनच रविवार आलो. मग कुणाचं लग्न, कुणाची परीक्षा, एकेक जण गळला आणि मीही गळले. लाज वाटते हो. वनखात्याच्या चौकशीत मी लिहून देते, दोष माझा आहे.

दोन ओळी तरी लिहा, हात जोडते.
वल्लरी

करंजवाडी
१८ मार्च २०२५

चि. वल्लरीस आशीर्वाद.

रान गेलं. बाकीच्या जाळरेषांवर वणवा थांबला. तुमच्या पट्ट्यात गवत कमरेएवढं होतं, तिथून सरळ वर चढला. ऐन, हिरडा, शिसव, काही राहिलं नाही. तूच सांगायचीस ना, झाड हवेतला कार्बन पोटात धरून ठेवतं? बावीस वर्षं धरलेला एका दुपारी हवेत गेला. आग झोडपायला डहाळी घेतली होती, पण जवळ जाववेना. बांधावर बसून रडलो.

तू काही लिहून देऊ नकोस. पट्टा जाळायचा माझ्याकडून राहिला, असा जबाब मी दिलाय. खोटं नाही ते. काम माझं होतं, भाचीच्या शब्दाखातर सोडलं. उद्यापासून कामावर येऊ नका, असं साहेब म्हणालेत.

लोभ आहे, तो कुठं जातोय? पण पोरी, तू आता डोंगरावर येऊ नकोस.
तुझा मामा