लंगोटाचा कच्चा

वस्ताद,

आपणांस जाऊन एकतीस वर्षे झाली. मी चौथी शिकलेला मनुष्य. जे लिहावे ते शुद्ध लिहावे, एवढे सांभाळत आलो. आज जो शब्द लिहीत आहे तो मी कधी तोंडानेही उच्चारलेला नाही. हस्तमैथुन.

तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. अकोल्याच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलत असे आणि सकाळी आपल्या आखाड्यात जोर काढत असे. वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे चाळीस थेंब, असे आपण सांगत असा. माझे लग्न ठरत आले होते, म्हणून भीती अधिक. एके सकाळी सर्व मंडळी गेल्यावर मी कुस्तीच्या हौदाच्या काठावर बसून आपल्याजवळ माझी सवय कबूल केली. आपण पाठीवर हात ठेवलात. "बरं केलं सांगितलं. माह्या तोंडून हे कुठी जात नाही."

आठच दिवसांनी बाळापूरहून मुलीचे वडील आले. पैलवानाची चौकशी त्याच्या घरी करीत नाहीत, वस्तादाकडे करतात, ही आपल्याकडची रीत. मी हौदातली माती खणतो आहे, ताक आणि तेल ओततो आहे, आणि ते विचारतात, "पोरगा कसा आहे?" आपण सांगता, "कामाले वाघ आहे. पन लंगोटाचा कच्चा आहे." ते गृहस्थ चहा न घेता उठले. सोयरीक मोडली.

तरीही मी आपणांस दोष दिला नाही. वस्ताद खरे तेच बोलले, असे मानून दर नागपंचमीला नारळ घेऊन आपल्या पाया पडत राहिलो. लग्न सात वर्षांनी झाले. पत्नीजवळ जातानाही मी आतून रिकामा आहे असेच मला वाटे; तिला कारण कधी सांगितले नाही. ती आता नाही.

अलीकडे लघवी अडू लागली. ही त्या सवयीचीच शिक्षा, असे समजून मी दीड वर्ष गप्प राहिलो. पार बंद झाली तेव्हा मुलाने अमरावतीस नेले. नळी घातल्यावर मी डॉक्टरांना सर्व सांगितले. ते हसले नाहीत.

"आबाजी, त्याचा आन् याचा काही संबंध नाही. ही प्रोस्टेटची गाठ आहे, वयानं वाढते. ते बहुतेक सारेच पुरुष करतात. त्यानं ना रक्त आटत, ना ताकद जात. दीड वर्ष काहून थांबले? किडनी जाता जाता राहिली."

वस्ताद, आपणांस ठाऊक नव्हते, हे मी समजू शकतो. आपल्यालाही आपल्या वस्तादांनीच सांगितले असेल. परंतु पाठीवर हात ठेवून दिलेला शब्द आपण आठ दिवसांत मोडलात, तो कोणत्या अज्ञानाने?

परतताना एसटीत मुलगा खिडकीबाहेर पाहत होता. मूर्तिजापूर मागे पडल्यावर म्हणाला, "बाबा, लग्नाआधी मले तुमीच सांगितलं होतं ना, चाळीस थेंब?"

"हो."

"तीन वर्सं भेत होतो मी. बायकोले बी सांगितलं नाही."

मी नळीला लावलेली लघवीची पिशवी मांडीवर सावरून धरली.

हे पत्र आपल्या तसबिरीमागे ठेवणार होतो. ते उशाखालीच राहिले आहे. मुलगा रोज सकाळी माझी पिशवी रिकामी करतो, आणि त्याला सांगायचे दोन शब्द माझ्याने निघत नाहीत. आपल्यावर चार पाने लिहिणे सोपे गेले.