दोन चांगले ड्रेस

नमू,

नाइट शिफ्टवरून आत्ताच येऊन झोपलीस, म्हणून उठवलं नाही. खरं म्हणजे उठवलं असतं तर तू जाऊ दिलं नसतंस.

मी कात्रजला त्या स्टुडिओवाल्यांकडे चाललेय. चिडू नकोस. कामाच्या अनुभवाचं सर्टिफिकेट दिल्याशिवाय कॉलेज परीक्षेला बसू देणार नाही, आणि बाकी सगळ्यांनी "मुलीला लाइट उचलायला जमणार का?" म्हणून वाटेला लावलं. यांनी लगेच हो म्हटलं. फक्त काल फोनवर म्हणाले, कॅमेरा आणू नकोस, दोन चांगले ड्रेस आण. असिस्टंटला ड्रेस कशाला, हे विचारायचा धीर झाला नाही.

पत्ता कॅलेंडरच्या मागे लिहिलाय. पोचले की तुला मिस्ड कॉल देईन. उठल्यावर तो दिसला नाही तर लगेच निघ. आईचा फोन आला तर लायब्ररीत आहे म्हण.

कॅमेरा टेबलावर आहे. मागचं झाकण उघडू नकोस, रोल खराब होईल. सगळ्यांचे फोटो मीच काढते, त्यामुळे माझा एकही नाही. म्हणून आज आरशासमोर उभी राहून एक काढला.

अंधार पडेपर्यंत आले नाही, तर कॅमेरा तसाच कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडे ने आणि शेवटचा फोटो चौकीत दे. त्यात तुझा पिवळा कुर्ता घातलाय. न विचारता घेतला, सॉरी. तोच अंगावर असेल.

भाग्यश्री