चष्म्याचा स्क्रू

१४ नोव्हेंबर

प्रिय ठमीस,

अनेक आशीर्वाद, आणि दोन जास्तीचे तुझ्या नवऱ्याला, कारण तो तुला सांभाळून घेतो.

इकडे सगळं ठीक. वाचनालयात नवी कपाटं आली, ती दारातून आत जाईनात, म्हणून सध्या पुस्तकं जिन्यात आणि वाचक पायरीवर. माझा चष्मा अजून तसाच, सारखा नाकावरून घसरतो. काल परत आलेल्या पुस्तकांच्या पेटीत पडला, आणि तो शोधायला डोळ्यांवर चष्मा नको का! सगळे हसले. मीही हसले.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू विषय बदलतेस. जाऊ दे. मला आईबद्दल बोलायचंय.

गेल्या आठवड्यात आईच्या कचेरीतल्या मोठ्या बाई आल्या होत्या. म्हाताऱ्या झाल्यात, आवाज मात्र तोच. म्हणाल्या, "तुझी आई म्हणजे चहाबाज! टाइपरायटरशेजारी ग्लास नाही, असं कधी झालंच नाही." मी नुसती मान हलवली. आईला चहा आवडायचाच नाही, हे तुला नि मला ठाऊक. गरम ग्लास दोन्ही हातांत धरून बसायची, बोटं जरा सुटी झाली की टाइप करायची, पुन्हा आखडली की दुसरा मागवायची. गार झालेला खिडकीतल्या कुंडीत. ते झाड काय फोफावलं होतं, आठवतं?

संधिवाताने बोटं वाकडी झाली, पण तोंडाचा पट्टा चालूच. "हात संपावर गेलेत, जीभ कामावर आहे," म्हणायची. नळ कोपराने उघडायची, बरणीचं झाकण दाराच्या फटीत धरून. आणि सकाळी तुझ्या वेण्या! ती पलंगावरून हुकूम सोडायची, "डावी घट्ट कर, उजवी सैल झालीय, पोरगी एका बाजूला कललीय," आणि मी घालायचे. तू रडून घर डोक्यावर घ्यायचीस. शाळेत मात्र ऐटीत सांगायचीस, आईने घातल्या.

सगळे तिचं कौतुक करतात. सोशिक, खंबीर, कधी हूं की चूं नाही. हल्ली ते मला ऐकवत नाही. कारण डॉक्टर काय म्हणाले होते ते मी ऐकलंय. मी बाहेर बाकावर होते आणि दार उघडं होतं. "बाई, वेळेत आला असतात तर बोटं वाचली असती." आई हसली. येताना वाटेत मला म्हणाली, "ठमीला सांगू नकोस, घाबरेल." म्हणून आजवर सांगितलं नव्हतं.

बघ, मुद्द्यावर यायला मला अर्धं पत्र लागलं.

गेल्या महिन्यात तुझ्याकडे आले, तेव्हा तू माझ्यासमोर कप दोन्ही हातांत धरून बसलीस. एवढ्या गप्पा झाल्या, पण कपाला तोंड लावलं नाहीस. गार झाला गं, म्हटलं, तर उठून ओतून टाकलास आणि दुसरा करून आणलास. तोही तसाच. आणि माझा चष्मा! चष्म्याचं दुकान चालवणारी तू, रस्त्यात अनोळखी माणसाच्या नाकावर सैल चष्मा दिसला तरी त्याला थांबवून स्क्रू आवळणारी. मी काढून पुढे केला, तर म्हणालीस, "राहू दे गं, पुढच्या वेळी."

मनात नाही नाही ते येतं. लोक मला काळजीचं गाठोडं म्हणतात, म्हणोत बापडे. माझी मेलीची बोटं धडधाकट आहेत. सकाळी उठून मी ती उघडमीट करून बघते आणि मलाच लाज वाटते. आईचं नाक तुझ्याकडे आलं, तिखट जीभ आली. तेवढ्यावर भागलं असेल ना गं? हल्ली औषधं चांगली निघालीत म्हणतात. वेळेत गेलं तर. तुझं पोट त्या बोटांवर आहे, ठमे.

एक कर. उत्तर पाठव. चारच ओळी, पण तुझ्या हाताने. तुझं ते मुंगीएवढं अक्षर दिसलं की मी गप्प बसेन. रागावलीस तरी चालेल, पण रागही हातानेच लिही.

वाट बघते.

तुझ्या वेण्या घालणारी,
ताई


२३ नोव्हेंबर

ताईस,

साष्टांग नमस्कार, तोही तोंडीच.

पाकिटावरचं अक्षर बघूनच तुला कळलं असेल. मी सांगतेय, हे लिहितायत, आणि मध्येच डोळे पुसतायत. (मी पुसत नाहीये. — लेखनिक)

चार ओळी लिहायला मी खरंच बसले होते. पेन धरता येतं, पण अक्षर माझं येत नाही. तुला फसवायला म्हणून दुपारी बोटं सुटल्यावर पुन्हा लिहून पाहिलं आणि फाडून टाकलं. हे दारातून बघत होते. त्यांनाही तेव्हाच कळलं.

उन्हाळ्यापासून दुखतंय. दुकानात स्क्रूचं काम आलं की "उद्या या" म्हणते. गिऱ्हाइकांना वाटतं, बाईंना फार काम आहे.

तुला सांगितलं असतं तर तू घाबरली असतीस, असं मनाशी म्हणत होते. आणि तुझ्या पत्रात आईच्या तोंडी तेच वाक्य! मला तिचा राग आला गं, आयुष्यात पहिल्यांदा. एवढी धीराची बाई, आणि तुला बाकावर एकटीला घाबरत ठेवलं.

येत्या गुरुवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय. हे येतीलच, पण मला तू हवीस. फार भीती वाटतेय, ताई. आईसारखं हसायला मला जमणार नाही.

चष्म्याला तिकडे कुणाला हात लावू देऊ नकोस, घेऊन ये. मी शेजारी बसून सांगते, स्क्रू तू आवळ. आधी डावा.

खालचं नाव माझ्या हातचं आहे. हसू नकोस.

ठमी